दामले-फत्तेलाल आणि त्यांचा कारखाना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उरुसाच्या दिवसांत आमच्या गावात तंबूत सिनेमा यायचा. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे दोरी. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, तेव्हा त्या तंबूत 'संत तुकाराम' पाहिला. चित्रपट तेव्हाच चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा जुना होता. रीळ जागोजागी तुटायचं, दिवे लागायचे, शिट्ट्या व्हायच्या. पण तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा कुणी शिट्टी मारली नाही. पाच वेळच्या नमाजाला कधी न चुकलेली माझी आजी दोरीपलीकडे पदराने डोळे पुसत होती. वडील गवंडीकाम करायचे. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ह्यो दामले-फत्तेलालनं काढलाय. आपल्या कागलचं हायत ते." त्यामुळे दामले-फत्तेलाल हे एकाच माणसाचं नाव आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तिचं मला नवलही वाटलं नाही. आमच्याकडे मुसलमानांत पाटील होते, देसाई होते. मग एखादा दामले का नसावा?

हे आज आठवण्याचं कारण जरा वेगळं आहे. हल्ली नोकरीच्या ठिकाणी 'वर्क कल्चर' आणि 'इनोव्हेशन' हे दोन शब्द फार ऐकू येतात. संस्थेतलं वातावरण कसं असलं म्हणजे तिथल्या माणसांना नवं काही सुचतं, असा तो प्रश्न. मी बी.ए. होऊन एका कचेरीत कारकुनी केली. तिचं नाव घेत नाही. तिथे एकदा वरून परिपत्रक आलं की कर्मचाऱ्यांनी नव्या कल्पना सुचवाव्यात. जिन्याखाली लाकडी पेटी लावली, तिला कुलूप घातलं. एकाच पत्राची नोंद आपण दोन रजिस्टरांत करतो, एकात केली तरी भागेल, अशी चिठ्ठी मी त्या पेटीत टाकली. दीड वर्षाने भिंत रंगवायला पेटी काढली, तेव्हा माझी चिठ्ठी आणि विड्यांची थोटकं एकत्र निघाली. किल्ली कुणाकडे होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब वाईट नव्हते. पण खालच्या माणसाचं ऐकून घेण्याची त्या इमारतीत रीतच नव्हती.

ती रीत कशी पडते आणि कशी मोडते, हे पाहायला मला आपल्याच मुलखातली प्रभात फिल्म कंपनी सगळ्यात जवळची वाटते. प्रभातचा इतिहास म्हटला की आपण चित्रपटांची नावं मोजतो. मला आज त्या चित्रपटांमागच्या कारखान्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात प्रभातच्याही आधी, कोल्हापुरात करावी लागते. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या गावात गवई, पैलवान, चित्रकार आणि नाटक मंडळ्या यांची वर्दळ होती. तिथे आनंदराव आणि बाबुराव हे दोघे मिस्त्री घराण्यातले भाऊ, सख्खे नव्हेत, नाटकाचे पडदे रंगवत. पेंटर हे नाव त्यांना त्या धंद्याने दिलं. सिनेमाच्या वेडाने त्यांनी स्वतः कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबुरावांनी काम सोडलं नाही, आणि विष्णुपंत दामले या हरहुन्नरी तरुणाच्या मदतीने कॅमेरा पुरा केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' आला, १९२५ साली सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याचा 'सावकारी पाश'. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम करणारा मुलगा म्हणजे शांताराम वणकुद्रे. हा कंपनीत पडेल ते काम करत वर आला होता.

बाबुरावांकडची शिकवण तालमीतल्यासारखी. पुस्तक नाही, वर्ग नाही. वस्ताद करतो ते बघायचं, हाताखाली राबायचं, चुकलं की बोलणी खायची. सुतारकाम, रंगकाम, कॅमेरा, रसायनं, कपडेपट, सगळं एकाच आवारात असल्यामुळे कुणीही एकाच कामाचा होऊन राहिला नाही. कागलचे शेख फत्तेलाल इथेच आले. चित्रकलेचा हात त्यांचा मुळातला. दामल्यांचं डोकं यंत्रात चालायचं, फत्तेलालांचं रंगरेषेत, आणि दोघांची जोडी जमली ती कायमची. पण तालमीला एक मर्यादा असते: वस्ताद एकच असतो. बाबुराव मोठे कलावंत, आपल्या लयीने काम करणारे. पट्टशिष्यांच्या हातांना मात्र आता स्वतःचं काही करायचं होतं. १९२७ साली शांतारामांनी तिथे 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला, पुढच्या वर्षी दामले-फत्तेलालांनी 'कर्ण'. तरीही घर गुरूचंच होतं. १९२९ साली ते बाहेर पडले. याला कुणी गुरुद्रोह म्हणतं. मला तो दोष देववत नाही; पिकलेलं फळ देठाला किती दिवस धरून राहणार?

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. भागीदार पाच: दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. कुलकर्णी पैशाची बाजू सांभाळणारे. बाकीचे चौघे हाताने काम करणारे. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली मला इथे दिसते. मालक आणि कारागीर हे इथे वेगळे नव्हते. रंगाची बादली उचलणारा आणि हिशेबाच्या कागदावर सही करणारा माणूस एकच असला, की एखादी कल्पना खालून वर जायला वेळ लागत नाही, कारण वर फार काही उरलेलंच नसतं.

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. मूकपटांत हात बसलेल्या या मंडळींना सगळं पहिल्यापासून शिकणं भाग होतं. ध्वनिमुद्रणाचं खातं दामल्यांनी घेतलं. कॅमेरा बनवायला मदत करणारा माणूस आता आवाजाचं यंत्र उघडून बसला. १९३२ साली मराठीत 'अयोध्येचा राजा' आणि हिंदीत 'अयोध्या का राजा' आला. नायिका दुर्गा खोटे, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. अशा घरातल्या बाईने सिनेमात काम करावं, हे त्या काळी सहज घडणारं नव्हतं. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. भव्य स्टुडिओ, स्वतःची प्रयोगशाळा, आणि पगारावर नेमलेली माणसं, नटनट्यांपासून सुतारांपर्यंत.

नाटक कंपनीत एकत्र बिऱ्हाड असायचं, एकत्र पंगत असायची, सगळा कारभार घरच्यासारखा. पगारपत्रक आणि ठरलेल्या वेळा ही मात्र कारखान्याची शिस्त. प्रभातने या दोन्हींची मोट बांधली. नट चित्रीकरणापुरता येऊन जाणारा पाहुणा नव्हता. सुतार देखावा उभा करताना तो तिथेच असे. गीतकार शांताराम आठवले दिग्दर्शनात मदत करत. माणसं एकमेकांच्या कामात नाक खुपसत, आणि हे तिथे वाईट मानलं जात नव्हतं. मोठ्या भागीदारांना नावंही घरातलीच होती: दामलेमामा आणि साहेबमामा. साहेबमामा म्हणजे फत्तेलाल.

आता एका अपयशाची गोष्ट. १९३३ साली प्रभातने 'सैरंध्री' रंगीत काढायचं ठरवलं. रंगाची प्रक्रिया करायला शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले. पैसा ओतला, वेळ ओतला, आणि रंग हवे तसे उतरले नाहीत. एखाद्या कंपनीत यानंतर चौकशी झाली असती, कुणाच्या तरी गळ्यात घंटा बांधली गेली असती, आणि पुढची दहा वर्षं कुणी 'नवीन' हा शब्द तोंडातून काढला नसता. इथे काय झालं? जर्मनीहून येताना शांतारामांनी तिथलं तंत्र आणि सामग्री पाहून-घेऊन आणली होती, आणि पुण्याच्या स्टुडिओतल्या पहिल्याच चित्रपटात, १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये, ते सगळं कामाला लागलं. चंद्रमोहन या नटाचा डोळा त्यात पडदाभर दिसतो. ज्यांनी तो पाहिला त्यांना पुरोहिताचं सगळं राज्य त्या एका बुबुळात कळलं. रंग फसला, पण ज्याच्या हातून फसला त्याच्याच हातात पुढचा चित्रपट होता.

मग १९३६ साल. या एका वर्षातले प्रभातचे दोन चित्रपट पाहा. एक शांतारामांचा 'अमर ज्योती': समुद्र, जहाजं आणि अन्यायाविरुद्ध चाचेगिरी पत्करणारी बाई, ते काम दुर्गाबाईंचं. सगळं वेगवान, झगझगीत. दुसरा दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम': देहू गाव, एक भांडखोर बायको, दोन पोरं, एक म्हैस आणि अभंग. या दोन चित्रपटांचा स्वभाव इतका वेगळा की एकाच छपराखाली ते तयार झाले हे खरं वाटत नाही. आणि मला प्रभातचं मोठेपण नेमकं यातच वाटतं. एकदा एकाची पद्धत यशस्वी झाली की संस्थेत तीच कायदा होते. 'आपल्याकडे असंच करतात' हे वाक्य जन्माला येतं. शांतारामांची पद्धत तेव्हा चांगलीच यशस्वी झालेली होती. तरी तिच्या शेजारी तिच्या अगदी उलट पद्धतीला जागा, माणसं आणि पैसा मिळाला. दामले-फत्तेलालांना शांतारामांसारखं व्हावं लागलं नाही.

'तुकाराम'विषयी थोडं थांबून सांगतो. तुकोबांच्या कामासाठी विष्णुपंत पागनीस निवडले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा नट. त्या गळ्यातली आणि अंगातली मऊ लय तुकोबांना लागली. आवलीचं काम गौरी नावाच्या बाईने केलं. ती शिकलेली नटी नव्हती. प्रभातच्या स्टुडिओत ती झाडलोटीच्या कामाला होती, मग गर्दीतल्या कामांना उभी राहू लागली, आणि तिथून थेट तुकोबांच्या बायकोपर्यंत आली. तिचा तो राग, देवाला शिव्या घालताना पोरांसाठी तुटणारा जीव, मंदिरात चप्पल घेऊन निघालेली ती बाई! माझी आजी हसली ती तिच्यासाठी आणि रडलीही तिच्यासाठीच. मला सांगा, किती संस्थांत झाडणाऱ्या बाईकडे कुणी बघतं? आणि बघितलं तरी, ही आपली नायिका, असं म्हणायचा अधिकार बघणाऱ्याला असतो का? साहेबमामांना तो होता, कारण ते मालकही होते आणि दिवसभर त्याच आवारात रंगाच्या हातांनी वावरतही होते.

दुसरी गंमत अभंगाची. चित्रपटात एका प्रसंगाला नेमका बसेल असा अभंग तुकोबांच्या गाथेत मिळेना. शांताराम आठवल्यांनी तो स्वतः लिहिला, केशवराव भोळ्यांचं संगीत होतं. तो इतका जमला की पुढे जाणत्या माणसांनीही तो तुकोबांचाच समजून गाथेत शोधला. मी कवी आहे, म्हणून मला याचा जरा हेवाही वाटतो. आपलं नाव पुसलं जाऊन रचना थेट तुकोबांच्या नावावर जमा व्हावी, याहून मोठं बक्षीस कुठलं? पण आठवल्यांना ते काय वाटलं असेल, हा प्रश्नही मनात येतोच.

हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल थिएटरात वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुढे याच जोडीने १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' केला, आणि १९४१ च्या 'संत सखू'तही ते होते. वारकऱ्यांच्या संतांवरचे हे चित्रपट करणाऱ्या दोघांतला एक जण शेख फत्तेलाल होता. देहूचं घर, इंद्रायणीचा काठ, तुळशीवृंदावन, हे सगळं त्यांच्या डोळ्यांनी आधी पाहिलं. मला पुष्कळदा विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी काय लिहिता? प्रश्न विचारणारा चांगला माणूस असतो, म्हणून मी हसून सोडून देतो. साहेबमामा तर त्याच आवारात वर्षानुवर्षं विठ्ठलाची देवळं उभारत होते.

१९३७ साली शांतारामांनी 'कुंकू' केला. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मनाने मान्य करत नाही, एवढीच गोष्ट. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दारं, भांडी, पावलं, याच आवाजांवर चित्रपट चालतो. हातात उत्तम संगीतकार आणि वादक असताना त्यांना गप्प बसवायचं, याला वेगळंच धाडस लागतं. नीराचं काम शांता आपट्यांनी केलं. त्या काळात तशी ताठ मानेची मुलगी पडद्यावर दुसरी नव्हती.

आणि आता याच शांता आपटे. १९३९ साली करारावरून त्यांचा कंपनीशी वाद झाला आणि त्या प्रभातच्या दारातच उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं; सिनेमाच्या धंद्यात माणसाची पिळवणूक कशी होते, ते त्यात आहे. पडद्यावर बाईच्या बंडाचं कौतुक करणारी कंपनी, आणि तिच्याच फाटकाशी बसलेली तीच बाई. हे चित्र मला सहजी विसरता येत नाही. 'आपण सगळे एक कुटुंब' असं म्हणणाऱ्या संस्थेत कुटुंबातले सगळे गुण येतात, तसे दोषही येतात. घरात पगार मागायचा नसतो, घर सोडायचं नसतं, आणि वडीलधाऱ्यांचा शब्द करारापेक्षा मोठा असतो. प्रभातच्या भागीदारांत एकही बाई नव्हती, हेही इथेच सांगून ठेवतो.

घराची आणखी एक शिस्त होती. कंपनीतल्या नट्यांशी भागीदारांनी खासगी संबंध ठेवायचे नाहीत, असा त्यांनी स्वतःवर दंडक घालून घेतला होता. त्या काळात सिनेमाकडे लोक ज्या नजरेने पाहत, त्यात या दंडकाने कंपनीची अब्रू राखली. दुर्गाबाईंसारख्या बायका तिथे निर्धास्त येऊ शकल्या, त्यालाही काही अंशी तो कारण असावा. पण केशवराव धायबरांनी नलिनी तर्खड या अभिनेत्रीशी लग्न केलं आणि त्यांना प्रभात सोडावी लागली. पाचातला एक गेला. काही वर्षांनी खुद्द शांतारामांनी जयश्रीबाईंशी लग्न केलं. जयश्री ही १९४१ च्या 'शेजारी'मधली नायिका. भागीदारांतले मतभेद आधीपासून साचत होतेच. १९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं.

जाता जाता 'शेजारी'. दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान. धरण बांधणाऱ्या धनिकाच्या कारस्थानाने त्यांच्यात फूट पडते आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा ते एकत्र मरतात. हिंदीतल्या 'पडोसी'त मुसलमान मिर्झाचं काम गजानन जहागीरदारांनी केलं आणि हिंदू ठाकुराचं मझहर खान यांनी. ही अदलाबदल मुद्दाम केलेली होती. फूट पाडणाऱ्यांवरचा हा चित्रपट चालू असतानाच तो बनवणाऱ्या घरात फूट पडत होती.

शांताराम गेल्यावर प्रभात लगेच संपली नाही, हे लक्षात घ्यावं लागतं. १९४४ साली 'रामशास्त्री' आला. त्याच्या दिग्दर्शनात राजा नेने, विश्राम बेडेकर आणि जहागीरदार असे तीन हात लागले. मधेच माणसं सोडून जात होती, दुसरी उचलत होती. तरी चित्रपट कसदार झाला. कसा झाला? खाली काम करणारे सुतार, रंगारी, कॅमेरेवाले, संकलक तेच होते आणि त्यांना आपलं काम ठाऊक होतं. वरची माणसं भांडली तरी खालची सवय काही वर्षं टिकते. त्याच सुमाराला गुरुदत्त नावाचा तरुण नोकरीला आला, आणि १९४६ च्या 'हम एक हैं'मधून देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर दिसला. धोब्याने दोघांच्या शर्टांची अदलाबदल केली आणि त्यातून मैत्री झाली, ही गोष्ट देव आनंद आयुष्यभर सांगत राहिले. अनंत माने याच आवारात शिकले. त्यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' आपल्याला ठाऊक आहेच.

पण १९४५ साली दामलेमामा गेले, आणि मग उतरण थांबली नाही. कारखान्यात यंत्रं होती, स्टेज होतं, नावाला वजन होतं. एखाद्या नव्या माणसाने काही वेगळं सुचवलं तर ते ऐकून त्याच दिवशी 'कर, बघू या' म्हणणारा मालक मात्र आता स्टेजवर नव्हता. निर्णय कामाच्या जागेपासून दूर होऊ लागले. बाहेरही काळ बदलला होता. महायुद्धानंतर सैल पैसा आला, नट एकेका चित्रपटाचे करार करू लागले आणि पगारी स्टुडिओची पद्धत सगळीकडेच मोडली. कलकत्त्याचं न्यू थिएटर्स, मुंबईचं बॉम्बे टॉकीज, कुणीच वाचलं नाही. त्यामुळे सगळा दोष भागीदारांच्या भांडणाला देणं बरोबर होणार नाही. पण वाईट काळ आला तेव्हा तो सोसायला घरात माणसं उरली नव्हती, हेही खरं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रभात बंद पडली. १९६० साली त्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. मुलं तिथे आजही चित्रपट शिकतात.

साहेबमामा १९६४ पर्यंत होते. प्रभात मिटल्यावर, १९५५ साली त्यांनी आणखी एक चित्रपट दिग्दर्शित केला. विषय होता आद्य शंकराचार्य. कागलच्या शेख फत्तेलालांनी 'जगद्गुरु शंकराचार्य' काढला, याचं त्या वेळीही कुणाला विशेष वाटलं नसावं. तो चित्रपट आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही. त्यावर दिग्दर्शक म्हणून एकच नाव आहे. 'दामले' हे अर्धं नाव त्याच्या आधी नाही, आणि माझ्या वडिलांनी ते तसं वाचलं असतं तर छपाईची चूक आहे असंच ते म्हणाले असते.